ट्यूब अॅम्प्लिफायरचे हीटर: ६.३ व्होल्ट द्यायचे, पण कशाच्या सापेक्ष?

घरी ट्यूब अॅम्प्लिफायर बांधायला घेतलेला माणूस महिनोन् महिने डोकं खपवतो ते आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर, कपलिंग कपॅसिटरच्या जातीवर, आणि ट्यूब नव्या घ्याव्यात की चोरबाजारातून जुन्या शोधाव्यात यावर. हीटरचा, म्हणजे ट्यूबला आतून तापवणाऱ्या तारेचा विषय निघाला की 'त्यात काय, ६.३ व्होल्टच्या दोन तारा जोडायच्या' असं म्हणून पुढे सरकतो. मग अॅम्प्लिफायर चालू होतो, गाणं लागतं, आणि गाणं थांबलं की स्पीकरमधून एक जाडसर 'घूं' ऐकू येत राहतं. फिल्टरचे कपॅसिटर वाढवून होतात, ग्राउंडच्या तारा तीनदा बदलून होतात, 'घूं' काही हलत नाही. बऱ्याच वेळा ते त्या दोन तारांतूनच आलेलं असतं.

हीटरला किती व्होल्ट द्यायचे हे डेटाशीटमध्ये छापलेलं असतं. ते व्होल्ट बाकीच्या सर्किटच्या मानाने कुठे बसवायचे, हे मात्र बांधणाऱ्याने ठरवायचं असतं. हे दुसरं काम बहुतेक जण करतच नाहीत, म्हणून या लेखात त्यावर जरा जास्त वेळ घालवणार आहे.

मेलेली एखादी ईसीसी८३ (सिग्नल वाढवणारी छोटी ट्यूब) हाताशी असेल तर डोळ्यांवर चष्मा चढवून, ट्यूब जाड फडक्यात गुंडाळून फोडून बघा. काच तडकताक्षणी आतला चांदीसारखा चकचकीत डाग पांढरा पडतो, कारण हवा आत शिरलेली असते. करड्या रंगाची प्लेट पक्कडीने उघडली की ग्रिडची केसासारखी बारीक तार दिसते आणि तिच्या आत निकेलची एक बारीक नळी. नळीवरचा पांढरा लेप बेरियम आणि स्ट्रॉन्शियमच्या ऑक्साइडांचा असतो. बेरियमची संयुगं विषारी असतात, तेव्हा नंतर हात धुवायचे. ही नळी म्हणजे कॅथोड. ती ७००-८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापली की लेपातून इलेक्ट्रॉन सुटायला लागतात. नळीच्या पोटातून अजून एक गोष्ट ओढून काढता येते: दुमडून घातलेली टंगस्टनची तार, वरून पांढऱ्या अॅल्युमिनाचा थर दिलेली. हा हीटर.

आता बघा, तार आणि नळी यांच्यात अंतर असं काही नाहीच. तो पांढरा थर आहे, बस. थंड असताना अॅल्युमिना उत्तम इन्शुलेटर असतो. हजार अंशांच्या आसपास तो तितकासा उत्तम राहत नाही, त्यातून मायक्रोअँपिअरमध्ये मोजण्याइतका करंट पाझरतो. एरवी त्याची दखलही घेतली नसती. पण ही ट्यूब सर्किटच्या तोंडाशी बसलेली असते, आणि तिच्या कॅथोडवर पडलेला मिलिव्होल्टचा अंशही पुढे मोठा होत जातो.

आकडे आणि अक्षरं

६.३ हा विचित्र आकडा मोटारींमधून आला. शिसे-आम्ल बॅटरीचा एक सेल साधारण २.१ व्होल्टचा, आणि जुन्या मोटारींत तीन सेलची बॅटरी असायची. तिच्यावर थेट रेडिओ चालावा म्हणून ६.३ व्होल्टचे हीटर आले आणि पुढे तेच घरच्या उपकरणांतही रूढ झाले. सहा सेलचे झाले १२.६.

युरोपीय नावातलं पहिलं अक्षर हीटरचीच माहिती देतं. 'ई' म्हणजे ६.३ व्होल्ट. 'जी' म्हणजे ५ व्होल्ट. 'पी' म्हणजे ३०० मिलिअँपिअर आणि 'यू' म्हणजे १०० मिलिअँपिअर. या शेवटच्या दोन जाती एकामागे एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडायच्या. ईसीएल८२, पीसीएल८२ आणि यूसीएल८२ या तिन्ही ट्यूब आतून जवळपास एकच आहेत, फरक हीटरचा. पहिलीला ६.३ व्होल्टवर ०.७८ अँपिअर, दुसरीला १६ व्होल्टवर ०.३, तिसरीला ५० व्होल्टवर ०.१. गुणाकार केलात तर तिन्हींचं उत्तर पाच वॉटच्या आसपास येतं. कॅथोड तापवायला लागते ती उष्णता तेवढीच, ती कशी पोचवायची एवढंच बदलतं. 'पी' मालिकेच्या ट्यूब टीव्हीसाठी केलेल्या, त्यामुळे त्या अजूनही स्वस्तात मिळतात. १६ व्होल्टचं वाइंडिंग करून घ्यायची तयारी असेल तर पीसीएल८२ घ्यायला काहीच हरकत नाही.

'यू' मालिका आपल्याकडच्या जुन्या एसी-डीसी रेडिओंमध्ये सर्रास असायची. यूसीएच८१, यूबीएफ८९, यूएबीसी८०, यूएल८४, यूवाय८५ अशा पाच ट्यूबचे हीटर एका माळेत ओवले की बेरीज १५० व्होल्टच्या आसपास जाते, उरलेले ८० व्होल्ट एका मोठ्या रेझिस्टरमध्ये जाळायचे, आणि माळ थेट भिंतीतल्या वीजपुरवठ्यावर. ट्रान्सफॉर्मरचा खर्च वाचला. पण चॅसी (पत्र्याचा सांगाडा) मेन्सच्या एका तारेला जोडलेली राहिली, आणि प्लग उलटा बसला की तीच चॅसी २३० व्होल्टवर. आजोबांचा असा रेडिओ उघडून त्यातून अॅम्प्लिफायर काढायचा बेत असेल तर आधी मधे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. यात तडजोड नको.

सिरीज माळेचा नियम एकच: प्रत्येक हीटरचा करंट सारखा हवा. ईएल८४ला (स्पीकर चालवणारी आउटपुट ट्यूब) ०.७६ अँपिअर लागतो आणि ईसीसी८३ला ०.३, तेव्हा '१२ व्होल्टचा अॅडॉप्टर आहे, दोघी सिरीजमध्ये लावू' हे जमणार नाही. ईएल८४ अर्धपोटी राहील आणि ईसीसी८३च्या वाट्याला ८ व्होल्टच्या वर येतील.

ट्रान्सफॉर्मर सांगताना

उदाहरणासाठी एक साधा स्टिरिओ अॅम्प्लिफायर घेऊ: एक ईसीसी८३, दोन ईएल८४, रेक्टिफायरला, म्हणजे एसीचा डीसी करायला, ईझेड८१. हीटरचे करंट ०.३, दोनदा ०.७६, आणि १. बेरीज २.८२ अँपिअर, म्हणजे जवळपास १८ वॉट. एवढ्याशा अॅम्प्लिफायरला! दोन्ही चॅनलमधून संगीताचे मिळून आठ-दहा वॉट निघाले तरी खूप, त्याच्या दुप्पट नुसती भट्टी पेटवायला जाते. ३ अँपिअरचं वाइंडिंग गणितात बसतं. मी ४ सांगेन. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत चौकशी केलीत तर ट्रान्सफॉर्मर वाइंड करून देणारे सापडतात, आणि तारेची जाडी एक पायरी वाढवायला फार पैसे लागत नाहीत.

त्यांना प्रायमरी (मेन्सला जोडायचं वाइंडिंग) किती व्होल्टची हवी हेही सांगा. पुष्कळ ट्रान्सफॉर्मर अजून २२० धरून गुंडाळलेले मिळतात. तुमच्याकडे रात्री २४० येत असतील, तर ६.३चे ६.८७ होतात, म्हणजे नऊ टक्के जास्त. हीटर जळून जात नाही. पण कॅथोड गरजेपेक्षा तापतो, बेरियम उडून ग्रिडवर बसायला लागतं, आणि जो ग्रिड गार राहायला हवा तोच थोडे थोडे इलेक्ट्रॉन सोडायला लागतो. ट्यूबचं आयुष्य असं गुपचूप कमी होतं. उलट बाजूला, गावाकडे संध्याकाळी पंप चालू झाले की व्होल्टेज दोनशेच्या खाली उतरतं. कमी तापलेला कॅथोडही चांगला नाही: इलेक्ट्रॉन पुरत नाहीत, आणि ट्यूबमध्ये उरलेल्या वायूंच्या अंशाने लेप खराब होतो. डेटाशीटवाले साधारण दहा टक्के वर-खाली चालवून घेतात. नेहमीसाठी पाच टक्क्यांच्या आत, म्हणजे ६.० ते ६.६मध्ये राहिलं तर बरं.

मोजायचं ते सॉकेटच्या पायांवर, सगळ्या ट्यूब लावून, पाच मिनिटं चालवल्यावर. रिकाम्या ट्रान्सफॉर्मरवर मोजलेले ६.९ व्होल्ट बघून घाबरण्यात अर्थ नाही. लोडवरही ६.८७ आले, तर ०.१ ओहमचे, ५ वॉटचे दोन सिमेंटचे रेझिस्टर घ्या आणि प्रत्येक तारेत एकेक घाला. २.८२ अँपिअरला दोन्हीत मिळून ०.५६ व्होल्ट पडतात आणि हीटरला ६.३१ मिळतात. एकाच तारेत ०.२ ओहम घातलं तरी व्होल्टेज तितकंच उतरेल, पण मग दोन तारा समतोल राहत नाहीत. तो समतोल का हवा, ते आता येतंच.

तारा

एक चौरस मिलिमीटरची घरच्या वायरिंगची साधी वायर चालते. दोन तुकडे घ्या, एक टोक व्हाइसमध्ये, दुसरं ड्रिलच्या चकमध्ये, आणि सावकाश फिरवून घट्ट पीळ द्या. दोन तारांतला करंट कायम एकमेकांच्या उलट वाहतो, त्यामुळे पीळ घट्ट असेल तर त्यांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना जवळपास खोडून काढतात. पीळ सॉकेटच्या अगदी जवळपर्यंत जायला हवा. शेवटी दोन इंच सुट्या सोडल्या तर त्या नेमक्या ग्रिडच्या पायाशेजारी असतात आणि वरचा सगळा खटाटोप फुकट जातो.

जोडी चॅसीच्या कोपऱ्यातून, पत्र्याला चिकटून न्यायची. ट्रान्सफॉर्मरकडून आधी रेक्टिफायर आणि ईएल८४, शेवटी ईसीसी८३. म्हणजे सगळ्यात नाजूक ट्यूबपाशी पोचेपर्यंत जोडीत ०.३ अँपिअरच उरतो. सिग्नलची तार ओलांडावी लागली तर काटकोनात ओलांडा. जुन्या रेडिओंमध्ये हीटरची एक तार म्हणून चॅसीच वापरलेली दिसेल. त्याचं अनुकरण करू नका, पत्र्यातून अडीच-तीन अँपिअर एसी फिरवून वर शांतता मागण्यात अर्थ नाही.

ईसीसी८३चे पाय इथेच सांगतो, कारण चूक हमखास होते. तिच्यात दोन हीटर आहेत: ४ ते ९ आणि ५ ते ९. ६.३ व्होल्टसाठी ४ आणि ५ एकत्र करून एक तार, ९ला दुसरी. १२.६साठी ४ला एक, ५ला दुसरी, ९ मोकळा. ईसीसी८१ आणि ईसीसी८२ अशाच. पण ईसीसी८८ आणि रशियन ६एन२पी तशा नाहीत. त्यांना ४ आणि ५ यांच्यामध्येच ६.३ व्होल्ट लागतात, ९ नंबरचा पाय आतल्या पडद्याचा असतो आणि तो ग्राउंडला जातो. ईसीसी८३साठी जोडलेल्या सॉकेटमध्ये ६एन२पी खुपसली तर हीटरची दोन्ही टोकं एकाच तारेवर येतात आणि ट्यूब गारच राहते.

दोन तारा, आणि तिसरा बिंदू

हीटरचं वाइंडिंग ट्रान्सफॉर्मरमध्ये हाय टेन्शनच्या, म्हणजे प्लेटसाठी लागणाऱ्या शेकडो व्होल्टच्या वाइंडिंगला चिकटून असतं. ते कशालाच जोडलं नाही तर हीटर तरंगत राहतात, आणि दोन वाइंडिंगमधल्या कपॅसिटन्समुळे शेजारच्या शेकडो व्होल्टचा एसी त्यांच्यावर चढून बसतो. दोन तारांमध्ये मोजाल तर मीटर शहाण्यासारखा ६.३ दाखवेल. पण दोन्ही तारा मिळून ग्राउंडच्या मानाने कितीही वर-खाली होत असतील. आतून तो पांढरा थर, बाहेरून ग्रिडची शेजारची पिन, या दोन वाटांनी ते सगळं सिग्नलमध्ये उतरतं.

म्हणून हीटरला कुठेतरी बांधायचं. एक टोक ग्राउंड केलं तर तरंगणं थांबतं, पण दुसरं टोक पूर्ण ६.३ व्होल्टने हलत राहतं. मधला बिंदू ग्राउंड केला तर एक टोक ३.१५ने वर असतं तेव्हा दुसरं तितकंच खाली, आणि दोन्हींचा परिणाम पुष्कळसा कटून जातो. ट्रान्सफॉर्मरला सेंटर टॅप (वाइंडिंगच्या मधोमध काढलेली तार) असेल तर तो वापरा. नसेल तर १०० ओहमचे अर्ध्या वॉटचे दोन रेझिस्टर: एकेका तारेपासून एकेक, दुसरी टोकं एकत्र, तोच आपला मध्य. त्यांच्यात ३१ मिलिअँपिअर आणि प्रत्येकी दहावा हिस्सा वॉट एवढंच जातं. एकदम पाच-दहा रुपयांचा इलाज आहे, आणि घरगुती अॅम्प्लिफायरचा 'घूं' घालवण्यात याच्याइतकं फळ कशालाच येत नाही. त्यांच्या जागी १०० ओहमचा तारेचा पॉट लावला तर तो फिरवून कानाने नेमका मध्य शोधता येतो. ट्यूबच्या आतली रचना कधीच पूर्ण सममित नसते, त्यामुळे सर्वांत शांत जागा बहुधा मधोमध येत नाही, थोडी बाजूला असते. मात्र सेंटर टॅप आणि रेझिस्टर दोन्ही एकाच वेळी ग्राउंड करू नका. एकच काहीतरी.

आता जो बिंदू ग्राउंडला नेला, तो ग्राउंडलाच न्यायला हवा असं कुठे आहे? तापलेला हीटर स्वतःसुद्धा इलेक्ट्रॉन सोडू शकतो. कॅथोड त्याच्यापेक्षा पॉझिटिव्ह असेल तर ते इलेक्ट्रॉन कॅथोडकडे जातात, म्हणजे एक नको असलेला डायोड तयार होतो, आणि तो सेकंदाला पन्नास वेळा चालू-बंद होतो. ईसीसी८३चा कॅथोड दीड व्होल्टवर आणि हीटर शून्याच्या वर-खाली, तेव्हा हे घडायला पूर्ण वाव असतो. हीटरलाच सगळा उचलून ४०-४५ व्होल्टवर ठेवला तर तो सतत कॅथोडपेक्षा पॉझिटिव्ह राहतो आणि हा डायोड मिटतो.

करायचं असं: ३०० व्होल्टच्या हाय टेन्शनपासून २७० किलोओहम, त्याखाली ४७ किलोओहम ग्राउंडला. मध्ये साधारण ४४ व्होल्ट मिळतात. ४७ किलोओहमला समांतर ४७ मायक्रोफॅरड, १०० व्होल्टचा कपॅसिटर. १०० ओहमच्या जोडीचा मध्य ग्राउंडवरून काढून इथे लावा. २७० किलोओहमचा रेझिस्टर एक वॉटचा घ्या, त्याच्यावर अडीचशे व्होल्ट असतात. याहून सोपी युक्ती म्हणजे मध्य थेट ईएल८४च्या कॅथोडला जोडणं. तिथे कॅथोड रेझिस्टर आणि त्यावरचा मोठा कपॅसिटर यांच्यामुळे सात-आठ व्होल्ट स्वच्छ डीसी आयता असतो. पुष्कळदा तेवढ्यानेही भागतं.

ट्यूब किती उचललेलं सहन करते तेही बघायला हवं. हीटर आणि कॅथोड यांच्यातल्या फरकाची मर्यादा ईएल८४ला १०० व्होल्ट, ईसीसी८३ला १८०. तुमच्या सर्किटमध्ये कॅथोड फॉलोअर (प्लेटऐवजी कॅथोडवरून सिग्नल पुढे देणारी ट्यूब) असेल तर त्याचा कॅथोड १६०-१७० व्होल्टवर बसलेला असतो. हीटर शून्यावर ठेवला तर तो १८०च्या उंबरठ्यावर जगतो, आणि चालू-बंद करताना कधीतरी उंबरठा ओलांडतो. अशा ठिकाणी ४५ व्होल्ट उचलणं 'घूं'साठी राहू द्या, ट्यूब जगावी म्हणून करायचं.

रेक्टिफायरमध्ये हीच गोष्ट टोकाला जाते. ईझेड८१च्या हीटर आणि कॅथोडमध्ये ५०० व्होल्ट पेलतील असं इन्शुलेशन दिलेलं आहे, म्हणून ती बाकीच्यांच्या ६.३वर गुण्यागोविंदाने राहते. जीझेड३४ या दुसऱ्या रेक्टिफायरमध्ये मात्र कॅथोड आतूनच हीटरच्या आठ नंबरच्या पायाला जोडलेला असतो. म्हणून तिला ५ व्होल्ट, १.९ अँपिअरचं स्वतंत्र वाइंडिंग लागतं, आणि ते सगळं वाइंडिंग ग्राउंडपासून तीनशेच्या वर व्होल्टवर असतं. '५ व्होल्टच आहेत' म्हणून त्या तारांना कोणी हात लावला तर जीव जाऊ शकतो. त्यांना वेगळ्या रंगाची वायर द्या, आणि चॅसीत हात घालण्याआधी प्लग काढून, फिल्टरचे कपॅसिटर उतरवून, मीटरने खात्री करून घ्या.

डीसी कधी?

डीसी हीटर लावले की सगळे प्रश्न मिटतात असा समज आहे. सीडी प्लेयर किंवा फोनचा डॅक (डिजिटल गाण्याचा सिग्नल बनवणारं यंत्र) लावायचा असेल, म्हणजे इनपुटला व्होल्टभर सिग्नल असेल, तर वर सांगितलेलं नीट केलेला एसी पुरतो. आउटपुट ट्यूबना तर डीसी देण्याचं काही कारणच नाही. रेकॉर्ड प्लेयरचा प्रीअॅम्प वेगळा. तिथे सिग्नल पाच मिलिव्होल्टचा असतो, तिथे डीसी द्याच.

६.३ व्होल्टच्या वाइंडिंगवरून ६.३ व्होल्टचा रेग्युलेट केलेला डीसी निघत नाही. शिखर ८.९चं, ब्रिजमध्ये (डायोडांच्या रेक्टिफायरमध्ये) पावणेदोनएक गेले, रिपलमध्ये (डीसीवर उरलेल्या लहरीत) अर्धा-एक, उरलेले सहा-साडेसहा. रेग्युलेटरला स्वतःसाठी दोनेक व्होल्ट लागतातच. म्हणून ईसीसी८३ १२.६वर चालवा. प्रीअॅम्पमध्ये अशा तीन ट्यूब असल्या तर ०.४५ अँपिअर लागतील. १२ व्होल्टचं वाइंडिंग घ्यायचा मोह होतो, पण ४७०० मायक्रोफॅरडवर जवळपास एक व्होल्ट रिपल पडतं आणि खड्ड्यात १४ व्होल्टच राहतात, एलएम३१७ या रेग्युलेटरच्या चिपला काठावर पुरतील एवढे. मेन्स जरा उतरला की रिपल थेट हीटरवर. १५ व्होल्टचं वाइंडिंग घ्या, १ अँपिअरचं, कारण कपॅसिटर भरताना ट्रान्सफॉर्मरमधून जाणारा करंट डीसीच्या पावणेदोनपट धरावा लागतो. एलएम३१७ला २२० ओहम आणि २ किलोओहम लावले की १२.६-१२.७ येतात. तीन वॉटच्या आसपास उष्णता होईल, तेव्हा हीटसिंक हवाच. चॅसीला बसवत असाल तर मधे अभ्रकाची चकती घाला, कारण त्याची धातूची पाठ आउटपुटला जोडलेली असते.

१२ व्होल्टचा तयार अॅडॉप्टरही चालतो, १२.६ऐवजी १२ म्हणजे पाच टक्के कमी, मर्यादेत. फक्त दोन गोष्टी. थंड टंगस्टनचा रेझिस्टन्स तापलेल्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याएवढाच असतो, त्यामुळे सुरुवातीचा करंट पाहून काही अॅडॉप्टर 'शॉर्ट आहे' समजून टिक-टिक करत बसतात. तसं झालं तर मोठा घ्या. दुसरं, त्याच्या आत मेन्सकडून आउटपुटकडे जाणारा एक छोटा कपॅसिटर असतो आणि मोकळं सोडलेलं आउटपुट त्याच्यामार्फत शंभरेक व्होल्ट एसीवर तरंगतं. डीसी असला तरी हीटरचा निगेटिव्ह ग्राउंडला किंवा त्या ४४ व्होल्टला बांधावाच लागतो. डीसी दिला तरी 'घूं' तसंच, अशी तक्रार आली की आधी ही तार शोधावी.

चालू करताना काही जुन्या युरोपीय ईसीसी८३ खालच्या बाजूला क्षणभर लख्ख पेटतात. घाबरू नका, हीटरचा लेप नसलेला तुकडा आधी तापतो एवढंच. स्टँडबाय स्विच (हीटर चालू ठेवून हाय टेन्शन तोडणारा) या आकाराच्या अॅम्प्लिफायरला लागत नाही. उलट हाय टेन्शन न देता तासन् तास नुसते हीटर तापत ठेवले तर कॅथोडचा लेप आणि निकेल यांच्यात रोधक थर साचत जातो.

सगळं जोडून झालं आणि तरी आवाज आहे, तर अंदाज बांधत बसण्यापेक्षा इमर्जन्सी दिव्यात असते तशी ६ व्होल्टची बॅटरी आणा. अॅम्प्लिफायर बंद करून ईसीसी८३च्या हीटरच्या तारा मुख्य जोडीवरून सोडवा, त्यांना बॅटरी लावा, बॅटरीचा निगेटिव्ह हीटरच्या मध्याला बांधा. ०.३ अँपिअर ती बराच वेळ देते. आवाज गेला तर दोष त्या ट्यूबपर्यंत येणाऱ्या एसीत आहे: पीळ, मध्य, किंवा ट्यूबच. दुसरी ईसीसी८३ लावून बघा, पाझर प्रत्येक ट्यूबमध्ये वेगळा असतो.

बॅटरीवरही आवाज तसाच राहिला तर हीटरचा नाद सोडा. जाड, खोल 'घूं' ५० हर्ट्झचं असतं. त्याहून वरच्या पट्टीतला, किरकिरीकडे झुकणारा आवाज १०० हर्ट्झचा, आणि तो हाय टेन्शनच्या फिल्टरकडून येतो. ५० हर्ट्झचंच असेल तर ईएल८४ काढून, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जोडलेला ठेवून, चालू करून ऐका. तरीही स्पीकरमध्ये येत असेल तर पॉवर ट्रान्सफॉर्मर आउटपुट ट्रान्सफॉर्मरशी थेट चुंबकीय गप्पा मारतो आहे, आणि दोघांपैकी एकाला काटकोनात फिरवावं लागेल.